चार किलोमीटरची रिकामी जागा: कोरिया, जनरल थोरात आणि मधल्या माणसाचं काम

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलण्यातले अडखळे आणि दोन-तीन ठिकाणची पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

भिवंडीहून बोलतोय. मागे लूमचा खडखड आवाज आला तर सांभाळून घ्या, रात्रपाळी सुरू आहे आणि आमची खिडकी काही पूर्ण बंद होत नाही.

गेली दोन-तीन वर्षं आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक शब्द सारखा येतोय. सीझफायर. कधी इकडचा, कधी तिकडचा. नोटिफिकेशन येतं, आपण वाचतो, दोन दिवसांनी कळतं की तो मोडला. मग कमेंटमध्ये सगळे तज्ज्ञ होतात. "हे बोलून काय होणार?" "मध्यस्थी वगैरे सगळं नाटक असतं." मीही असं म्हटलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

म्हणून आज एक जुनी गोष्ट सांगणार आहे. दोन सैन्यांमधून एक पट्टा रिकामा करायचा होता. तो कसा ठरला, त्याला किती वेळ लागला, आणि ठरल्यावर त्या पट्ट्यात जाऊन उभं कोण राहिलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शाळेत आपल्याला कुणी सांगितलं नाही. तिथे आपले लोक उभे राहिले होते, आणि त्यांचा कमांडर कोल्हापूरकडचा मराठी माणूस होता. मेजर जनरल शंकरराव थोरात. लष्करात सगळे त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणून ओळखायचे.

आधी युद्ध, अगदी थोडक्यात

२५ जून १९५० ला उत्तर कोरियाचं सैन्य ३८ व्या अक्षांशाची रेषा ओलांडून दक्षिणेत घुसलं. अमेरिका संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली दक्षिणेच्या बाजूने उतरली. अमेरिकन फौजा उत्तरेत शिरून चीनच्या सीमेकडे जायला लागल्या, तेव्हा चीन उतरला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये आपले बीजिंगमधले राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून सांगितलं होतं की अमेरिकन सैन्याने ती रेषा ओलांडली तर आम्ही गप्प बसणार नाही. भारताने निरोप पोचवला. पलीकडे त्यांना तो पोकळ दम वाटला. पुढे काय झालं ते जगाने पाहिलं.

म्हणजे मधल्या माणसाचं पहिलं काम निरोप पोचवण्याचं. पोचवलेला निरोप समोरच्याने खरा मानायचा की नाही, हे मात्र त्याच्या हातात नसतं.

भारताने या युद्धात लढणारं सैन्य पाठवलं नाही. उत्तर कोरियाने हल्ला केला हे भारताने संयुक्त राष्ट्रांत मान्य केलं, पण पाठवली ती वैद्यकीय तुकडी, ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली.

दोन वर्षं टेबलावर

बोलणी सुरू झाली १० जुलै १९५१ ला, केसाँगमध्ये. नंतर ती पानमुनजोम नावाच्या छोट्या गावाकडे हलवली. आणि करार झाला २७ जुलै १९५३ ला. दोन वर्षं आणि वर सतरा दिवस. तेवढा काळ लढाई थांबलेली नव्हती, बरं का. इकडे टेबलावर माणसं बसलेली आणि तिकडे टेकड्यांवर माणसं मरतायत.

पहिला वाद, रेषा कुठे? उत्तरेचं म्हणणं, ३८ वा अक्षांश. अमेरिकेचं म्हणणं, सैन्य आत्ता प्रत्यक्ष जिथे समोरासमोर आहे तिथे. अक्षांश नकाशावर सरळ दिसतो, पण जमिनीवर तो टेकडी बघत नाही, नदी बघत नाही. नोव्हेंबर १९५१ च्या शेवटी तत्त्व ठरलं: जिथे सैन्य भिडलंय ती रेषा, आणि तिथून दोघांनी दोन-दोन किलोमीटर मागे जायचं. मध्ये चार किलोमीटर रुंद पट्टा. लांबी सुमारे २५० किलोमीटर, समुद्रापासून समुद्रापर्यंत. यालाच आपण डीएमझेड म्हणतो, सैन्यमुक्त पट्टा.

यातली गंमत कळली का? दोघांनी मागे जायचं, सारखंच जायचं, आणि एकाच वेळी जायचं. करार लागू झाल्यावर ७२ तासांत. "आधी तू" हा प्रश्नच ठेवला नाही.

मी सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे मला हे लगेच डेडलॉकसारखं दिसतं. दोन प्रोसेस, प्रत्येकीने एक-एक लॉक धरून ठेवलाय आणि दुसरीने सोडायची वाट बघतेय. कितीही वेळ थांबा, काही होत नाही. त्यातून बाहेर पडायला कुठलीतरी तिसरी गोष्ट लागते.

हेच काश्मीरमध्ये का जमलं नाही?

इथे थोडं थांबू, कारण त्याच वर्षांत भारत दुसऱ्या एका टेबलावर बसला होता. तिथे आपण मधले नव्हतो, वादातला एक पक्ष होतो.

काश्मीरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १३ ऑगस्ट १९४८ ला ठराव केला. आधी युद्धबंदी, मग पाकिस्तानने सैन्य काढायचं, मग भारताने आपलं बहुतांश सैन्य टप्प्याटप्प्याने काढायचं, आणि मग लोकांचं मत. युद्धबंदी १ जानेवारी १९४९ ला लागू झाली. रेषा कराचीत ठरली, २७ जुलै १९४९ ला. भारताकडून लेफ्टनंट जनरल श्रीनागेश यांची सही होती. तारीख बघा, २७ जुलै. कोरियाचा करार बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला झाला.

रेषा ठरली, पण सैन्य हटेना. भारताचं म्हणणं, हल्ला त्यांनी केला, ते आधी पूर्ण बाहेर जाऊ देत, आणि संरक्षणापुरतं सैन्य आम्हाला ठेवावंच लागेल. पाकिस्तानचं म्हणणं, दोघांनी एकाच वेळी आणि समतोल राखून काढायचं. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियाचे न्यायाधीश ओवेन डिक्सन मध्यस्थ म्हणून आले, उन्हाळाभर फिरले, हात टेकून परत गेले. त्यांच्यानंतर अमेरिकेचे फ्रँक ग्रॅहम आले. ते तर आकड्यांवर उतरले. पाकिस्तानच्या बाजूला तीन ते सहा हजार, भारताच्या बाजूला बारा ते अठरा हजार. डिसेंबर १९५२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठरावात हे आकडे आले. तरीही नाही जमलं.

कुणाचं बरोबर, यावर आज बोलत नाहीये. मुद्दा असा की आकड्यांवर घासाघीस चालली होती, पण खरा अडसर आकड्यांत नव्हता. "आपण दोघे सारखे आहोत का?" हाच मूळ वाद होता. भारत म्हणत होता, हल्ला करणारा आणि ज्याच्यावर हल्ला झाला तो सारखे कसे? कोरियात तो प्रश्न बाजूला ठेवून फक्त रेषेवर बोलले. म्हणून पट्टा झाला. आणि म्हणूनच तिथे मूळ भांडण आजही सुटलेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणि मग माणसांवर अडलं

कोरियात रेषा ठरली तरी करार दीड वर्ष अडला, कशावर? कैद्यांवर.

१९४९ चा जिनिव्हा करार सांगतो, लढाई थांबली की युद्धकैदी सोडून घरी पाठवा. साधं आहे. पण अमेरिकेच्या ताब्यातल्या कैद्यांना एप्रिल १९५२ मध्ये विचारलं, तर सुमारे १ लाख ३२ हजारांपैकी ७० हजारांच्या आसपासच परत जायला तयार असल्याचं सांगण्यात आलं. चीन आणि उत्तर कोरिया भडकले. हे शक्यच नाही, तुम्ही जबरदस्ती करताय. अमेरिका म्हणाली, नको म्हणणाऱ्याला आम्ही ढकलणार नाही.

दोघांच्या बोलण्यात थोडं-थोडं सत्य होतं. छावण्यांच्या आत कैद्यांच्याच टोळ्या झाल्या होत्या. काही ठिकाणी कम्युनिस्ट टोळीचं राज्य, काही ठिकाणी विरोधकांचं. चिनी कैद्यांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवल्या गेल्या होत्या, काहींनी स्वतःहून, काहींवर बळजबरीने. आता विचार करा, ज्याच्या दंडावर ते गोंदलंय तो घरी कसा जाणार? त्याची "निवड" नक्की कुणाची?

तोडगा भारताकडून आला. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला. कैद्यांवर बळ वापरायचं नाही, त्यांना तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवा. ३ डिसेंबर १९५२ ला तो ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. पाच कोण? सोव्हिएत गट. चीनने आणि उत्तर कोरियानेही नाही म्हटलं. मग मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला, हवा बदलली, आणि महिन्याच्या शेवटी चाऊ एन-लाय यांनी जवळपास तशीच योजना मान्य केली.

पण दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना युद्धबंदीच नको होती. १८ जूनला त्यांनी छावण्यांचे दरवाजे उघडून सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले. सगळं फिसकटणार असं वाटलं. तरी २७ जुलैला सकाळी दहा वाजता सह्या झाल्या. दोन्ही बाजूचे अधिकारी एकमेकांशी एक शब्द न बोलता सह्या करून निघून गेले. रात्री दहाला तोफा थांबल्या. दक्षिण कोरियाने त्यावर सही केली नाही.

हिंद नगर

तटस्थ राष्ट्रांचा आयोग पाच देशांचा. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष भारत. दोन एका बाजूकडे झुकणारे, दोन दुसऱ्या, त्यामुळे मत भारताचंच निर्णायक. अध्यक्ष लेफ्टनंट जनरल थिमय्या. आणि कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे कमांडर थोरात. सुमारे सहा हजार जवान.

थिमय्या आणि थोरात जुने सोबती. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तीन बटालियनचे तीन भारतीय कमांडर होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघेही लढून नाव कमावलेले. कोरियात मात्र त्यांना न लढण्याचं काम दिलं होतं.

स्वागत कसं झालं? ऱ्ही म्हणाले, भारतीय सैनिकाचा पाय माझ्या जमिनीला लागता कामा नये. मग काय, जहाजाने इंचॉनला आलेल्या आपल्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरमधून उचलून थेट त्या सैन्यमुक्त पट्ट्यात उतरवलं. सहा हजार माणसं. तिथे आपल्या छावणीचं नाव पडलं हिंद नगर. ताब्यात आले दक्षिणेकडून २२ हजार ६०० च्या आसपास कैदी, त्यात १४ हजारांहून जास्त चिनी. उत्तरेकडून ३५९, त्यात २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश.

सुरुवातीच्याच दिवसांत चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेलं.

आता याच्या आधीचं एक उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मे १९५२ मध्ये कोजे बेटावरच्या छावणीत कैद्यांनी खुद्द अमेरिकन कमांडर जनरल डॉड यांना पकडलं होतं. त्यांना सोडवायला लेखी कबुल्या द्याव्या लागल्या, जगभर नाचक्की झाली, नंतर रणगाडे आणून छावणी ताब्यात घेतली आणि त्यात माणसं मेली.

थोरातांपुढे दोन सोपे मार्ग होते. गोळीबार, किंवा मागण्या मान्य. त्यांनी दोन्ही केलं नाही. मोजके सहकारी घेऊन ते स्वतः त्या चिडलेल्या जमावात आत गेले, बोलले, आणि ग्रेवालना घेऊन बाहेर आले. या धाडसासाठी त्यांना अशोक चक्र वर्ग दोन मिळालं. आज आपण त्याला कीर्ती चक्र म्हणतो. एकही गोळी न झाडण्यासाठी शौर्यपदक.

पण मला हे फार गुळगुळीत करून सांगायचं नाहीये. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दंगा झाला तेव्हा आपल्या पहाऱ्याला गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. दक्षिण कोरियातून भारतीय दलावरच हल्ला करण्याच्या धमक्या आल्या.

समजावणीचे तंबू

ठरलं असं होतं की ९० दिवस प्रत्येक देशाचे प्रतिनिधी आपल्या कैद्यांना तंबूत भेटतील, समजावतील, घरी चला म्हणतील. कैदी एकेक करून आत येणार. दोन दारं. एक घरी जाण्याचं, एक नाही म्हणण्याचं.

कागदावर छान होतं. प्रत्यक्षात टोळीचे म्होरके कैद्यांना बाहेरच येऊ देईनात. आले ते घोषणा देत, खुर्च्या फेकत. चीन म्हणाला, भारताने बळ वापरून त्यांना तंबूत आणावं. अमेरिका म्हणाली, हात लावलात तर बघा. थिमय्यांनी निर्णय घेतला, बळाने आणायचं नाही, कारण तसं केलं तर तंबूच्या दारात मुडदे पडतील. ९० दिवस २३ डिसेंबरला संपले. २२ हजारांतल्या बहुतेकांना समजावणी मिळालीच नाही. घरी परत गेले सहाशेच्या आसपास.

उरलेल्यांचं भवितव्य राजकीय परिषद ठरवणार होती. ती वेळेत भरलीच नाही. त्या परिषदेत भारताला जागा द्यायलाही अमेरिकेचा विरोध होता. म्हणजे ओझं उचलायला भारत चालेल, टेबलावर बसायला नको. शेवटी जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी कैदी ज्याच्या त्याच्या ताब्यात परत दिले. १४ हजार चिनी तैवानला गेले. तैवानमध्ये २३ जानेवारी हा स्वातंत्र्याचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. चीनला ती फसवणूक वाटली. भारतावर दोन्हीकडून टीका झाली, आणि दोन्हीकडून थोडं कौतुकही. आयझेनहॉवर यांनी भारतीय दलाची स्तुती करणारं पत्र नेहरूंना पाठवलं.

आणि ८८ जण असे होते जे म्हणाले, आम्हाला उत्तरही नको, दक्षिणही नको, चीन नको, तैवान नको. ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. पुढे त्यातले बरेच ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले. चोई इन-हुन या कोरियन लेखकाची १९६० सालची "चौक" ही कादंबरी अशाच एका कैद्यावर आहे. त्यातल्या जहाजाचं नाव त्याने ठेवलंय टागोर.

मला या ८८ जणांबद्दल सगळ्यात जास्त वाटतं. दोन्ही बाजू विचारतायत, "तू कुणाचा?" आणि हा माणूस म्हणतोय, कुणाचाच नाही, मला फक्त इथून बाहेर काढा.

मग उपयोग काय झाला?

कोरियात शांतता करार आजही झालेला नाही. १९५४ ची जिनिव्हा परिषद निष्फळ ठरली. तो सैन्यमुक्त पट्टा जगातल्या सगळ्यात जास्त सैन्य असलेल्या सीमांपैकी एक आहे, कारण पट्ट्याच्या दोन्ही कडांना फौजा आणि खाली सुरुंग. २०१८ मध्ये दोन्ही नेते पानमुनजोमला हातात हात घालून भेटले, काही चौक्या पाडल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरेने तो लष्करी करार सोडला, जून २०२४ मध्ये दक्षिणेने तो पूर्ण थांबवला.

म्हणजे कमेंटवाले बरोबर? नाटकच?

मी आधी तसंच म्हटलं असतं. पण हिशेब करा. १९५० ते ५३ मध्ये तिथे लाखो माणसं मेली. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत चकमकी झाल्या, माणसं गेली, पण ते युद्ध पुन्हा पेटलं नाही. भांडण सुटलं नाही, पण मरण थांबलं. ज्याच्या घरात तेव्हा अठरा वर्षांचा मुलगा होता त्याला विचारा यातला फरक.

आणि आपलं गाव

शेवटी घरची गोष्ट. भिवंडीचं नाव गुगलवर टाकलं की दंगल येतंच. १९७० आणि १९८४. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण घराघरात त्याच्या आठवणी आहेत. कुठला नाका कुणाचा, कुठल्या गल्लीतून रात्री जायचं नाही, हे आमच्या आधीच्या पिढीला तोंडपाठ होतं. म्हणजे आपल्याकडेही रेषा होत्या, फक्त नकाशावर नव्हत्या.

१९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं, वस्तीतलीच, आणि सोबत बीटचा पोलीस. दंगल झाल्यावर बसवलेली शांतता समिती नाही ही. काहीच झालेलं नसताना, दर थोड्या दिवसांनी बसायचं. नळाचं भांडण, मिरवणुकीचा रस्ता, पोरांची मारामारी, जे असेल ते. कंटाळवाणं काम. आणि डिसेंबर १९९२, जानेवारी १९९३ मध्ये पन्नास किलोमीटरच्या आतली मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली.

पानमुनजोम आणि आमचा मोहल्ला एकच आहे असं मी म्हणत नाही. तिथे देश आहेत, इथे शेजारी. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. मधला माणूस भांडण सोडवतोच असं नाही. तो वेळ मिळवून देतो. आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते, कारण दोन्ही बाजूंना तो समोरच्याचाच वाटतो. थिमय्या पुढे सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतीसेनेचे कमांडर असताना, डिसेंबर १९६५ मध्ये, कामावरच गेले. थोरात निवृत्त होऊन कोल्हापूरला राहिले.

पुढच्या वेळी फोनवर सीझफायरचं नोटिफिकेशन आलं तर तीन प्रश्न विचारून बघा. रेषा कुठे ठरली? मागे आधी कोण जाणार? आणि मध्ये उभं कोण राहणार? पहिल्या दोघांची उत्तरं बातमीत मिळतील. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर तो करार किती दिवस टिकेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

तुमच्या घरात, गावात कुणी कोरियाला जाऊन आलेलं असेल, आजोबा, पणजोबा, तर त्यांच्या आठवणी आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. पाठवल्यात तर पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये ऐकवू. नाही पाठवल्या तरी चालेल, पण रेकॉर्ड करा. चला, लूमची पाळी बदलायची वेळ झाली. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या.